मालिबू कॅन्यनचे तीन खांब: लाकडी विद्युतखांबाचा जमाखर्च

21 ऑक्टोबर 2007 च्या रविवारी दक्षिण कॅलिफोर्नियात सँटा ॲना वारे सुटले होते. हे वारे वाळवंटाकडून डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरतात. उतरताना ते तापतात, कोरडे होतात आणि अरुंद दऱ्यांमध्ये त्यांचा जोर वाढतो. मालिबू कॅन्यन ही अशीच एक दरी. तिथे रस्त्याकडेचे, तारांनी एकमेकांना जोडलेले तीन लाकडी खांब पहाटे कोसळले आणि वणवा पेटला. 3,836 एकर क्षेत्र जळाले, 14 इमारती आणि 36 वाहने खाक झाली. मालिबू प्रेस्बिटेरियन चर्च आणि टेकडीवरचा कॅसल कशान हा वाडा याच आगीत गेला.

खांब सामाईक होते. सर्वांत वर सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या तारा आणि त्यांच्याखाली दूरसंचार कंपन्यांच्या केबल. एटी अँड टी, स्प्रिंट, व्हेरायझन आणि नेक्स्टजी यांचा त्यात संबंध होता. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक सेवा आयोगाने जानेवारी 2009 मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. एटी अँड टी, स्प्रिंट आणि व्हेरायझन यांनी मिळून 1 कोटी 20 लाख डॉलर, नेक्स्टजीने 1 कोटी 45 लाख आणि एडिसनने 3 कोटी 70 लाख डॉलर भरायचे, अशी तडजोड होऊन 2013 मध्ये हे प्रकरण मिटले. एडिसनच्या रकमेतले 2 कोटी दंडापोटी होते आणि 1 कोटी 70 लाख खांबांची तपासणी व दुरुस्ती यासाठी राखून ठेवायचे होते.

वारा जोराचा होता यात शंका नाही. पण तिथे सँटा ॲना दरवर्षी वाहतो आणि तो सोसण्यासाठीच खांबाचे गणित मांडलेले असते. म्हणून हे प्रकरण आम्ही वाऱ्याऐवजी खांबाच्या बाजूने पाहतो. लाकडी खांबाचा जमाखर्च असतो. जमेच्या बाजूला लाकडाची ताकद असते आणि ती वर्षागणिक घटते. खर्चाच्या बाजूला वाऱ्याचा भार असतो आणि नवी केबल चढली की तो वाढतो. दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडायची जबाबदारी कोणाचीच नसेल, तर शिल्लक कधी संपली ते खांब पडल्यावरच कळते.

जमेची बाजू: झाड निवडताना

अमेरिकेत खांबांसाठी प्रामुख्याने तीन लाकडे वापरतात: आग्नेयेकडच्या राज्यांतला सदर्न पाइन, पश्चिम किनाऱ्यावरचा डग्लस फर आणि वायव्येकडचा वेस्टर्न रेड सीडर. एएनएसआय ओ5.1 या मानकात पहिल्या दोघांची वाकताना तुटण्याची ताकद चौरस इंचाला 8,000 पौंड धरली आहे, सीडरची 6,000. हे आकडे साधारण सरासरीचे आहेत. झाडागणिक ताकद बरीच बदलते, म्हणजे एकाच थप्पीतले कित्येक खांब या आकड्याच्या खालीही असतात. पुढे सुरक्षा गुणक (खांबाची ताकद भाराच्या किती पट आहे तो आकडा) चारपर्यंत का न्यावा लागतो, त्याचे एक कारण हेच.

खांबाचा वर्ग त्याने शेंड्यापासून दोन फूट खाली किती आडवा ओढा सोसला पाहिजे यावरून ठरतो. वर्ग 1 ला 4,500 पौंड, वर्ग 2 ला 3,700, वर्ग 3 ला 3,000, वर्ग 4 ला 2,400 आणि वर्ग 5 ला 1,900. गल्लीबोळातल्या वितरण वाहिनीवर 40 किंवा 45 फुटी, वर्ग 4 किंवा 5 चा खांब सर्रास दिसतो. 45 फुटी वर्ग 4 चा फर घेतला, तर शेंड्याचा घेर किमान 21 इंच आणि बुडापासून सहा फुटांवरचा घेर किमान 35 इंच भरला पाहिजे.

डेपोत खांब उतरवून घेताना घेरासोबत बाहेरच्या थरातली वर्षवलयेही मोजावीत. ती साधारणपणे इंचाला किमान सहा हवीत. भरभर वाढलेल्या झाडाची वलये रुंद असतात आणि लाकूड हलके निघते. गाठींचा आकार आणि एका फुटात गाठी किती, पिळदार धागा, धनुष्यासारखा बाक यांना ठरावीक मर्यादा आहेत. कुजीला मात्र काहीच सवलत नाही. बुडाला कूज दिसली की खांब परत पाठवायचा.

बुडापासून दहा फुटांवर (50 फुटांपर्यंतच्या खांबांना) जाळून उठवलेला किंवा धातूच्या पट्टीवरचा ठसा असतो. त्यात कारखाना, वर्ष, लाकडाची जात, रसायन, वर्ग आणि लांबी दिलेली असते. रस्त्यावर उभे राहूनही हा ठसा कामी येतो. खांब पुरण्याची खोली म्हणजे लांबीचा दहावा हिस्सा अधिक दोन फूट. 45 फुटी खांब साडेसहा फूट पुरायचा, तर ठसा जमिनीवर साडेतीन फुटांवर, म्हणजे साधारण कमरेशी दिसायला हवा. तो छातीच्या वर असेल, तर खांब दीडएक फूट उथळ पुरला आहे किंवा नंतर कोणीतरी भोवतालची माती खरवडून नेली आहे. उतारावरच्या रस्त्याकडेला हे दुसरे कारण वारंवार भेटते.

रसायन मुरवणे

लाकडाचा ओलावा 20 टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी धरत नाही. तो 28–30 टक्क्यांच्या पुढे गेला आणि हवा मिळाली की कूज सुरू होते. जमिनीत पुरलेल्या खांबाला ओल आणि हवा दोन्ही मिळतात, त्यामुळे लाकूडच बुरशीसाठी खाण्यालायक राहू नये अशी तजवीज करावी लागते.

आधी साल काढतात, मग वाळवतात. सदर्न पाइनला इथे दिरंगाई चालत नाही, कारण त्याचे बाहेरचे पांढरे रसकाष्ठ जाड आणि साखरयुक्त असते; उबदार हवेत काही आठवडे तसेच पडले तर टाकीत जाण्याआधीच त्यात कूज शिरते. भट्टीत वाळवणे किंवा वाफ देणे हे त्यावरचे उपाय. डग्लस फर मोकळ्या हवेत, भट्टीत किंवा निर्वात टाकीत तेलात उकळून वाळवतात. क्रॉसआर्म (तारा धरणारा आडवा दांडा) बसवायच्या खाचा आणि बोल्टची भोके याच टप्प्यावर पाडायची, रसायन दिल्यानंतर नाही. नंतर पाडलेल्या भोकातून कोरे लाकूड उघडे पडते. जागेवर भोक पाडावेच लागले, तर त्यात तांबे-नॅप्थेनेटचे द्रावण ओतायचे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि हमखास राहून जाते.

वाळलेले खांब ट्रॉलीवर रचून लांब पोलादी टाकीत ढकलतात. पाण्यात विरघळणाऱ्या रसायनांना पूर्णपेशी पद्धत वापरतात: आधी हवा काढून घ्यायची, निर्वात असतानाच द्रावण भरायचे, मग चौरस इंचाला सुमारे 150 पौंडांपर्यंत दाब देऊन लाकूड आणखी घेईनासे होईपर्यंत मुरवायचे आणि शेवटी पुन्हा हवा ओढून वरचे गळते द्रावण काढायचे. जॉन बेथेल यांनी 1838 मध्ये इंग्लंडमध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. क्रिओसोटसारख्या तेलकट रसायनांना रिकामी-पेशी पद्धत बरी पडते. तिच्यात सुरुवातीला हवा न काढता उलट हवेचा दाब देतात. दाब सोडला की अडकलेली हवा जादा तेल बाहेर ढकलते. तेल वाचते आणि उन्हात खांब पाझरतही नाही.

रसायने मोजकीच आहेत. क्रिओसोट सर्वांत जुने. पेंटाक्लोरोफेनॉल अनेक दशके चालले, पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2022 मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याची जागा तांबे-नॅप्थेनेट आणि डीसीओआय घेत आहेत. तिसरे सीसीए, म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक. जगभर लाखो खांब ज्यावर उभे आहेत ते हे मिश्रण भारतातले आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी 1933 मध्ये ते शोधले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीला, आणि क्रोमियम दोघांना लाकडात असे बांधून ठेवते की पावसात ते धुऊन जात नाहीत. हे बांधणे उबेत काही दिवसांत होते, थंडीत आठवडे लागतात. तोवर खांब कारखान्याच्या फरशीबाहेर जाता कामा नये.

किती मुरले हे बाहेरच्या रंगावरून ठरवू नये. प्रत्येक खेपेतल्या खांबांतून पेन्सिलीएवढे नमुने पोकळ गिरमिटाने काढून खोली आणि मात्रा तपासतात. सदर्न पाइनच्या खांबाला सीसीएची मात्रा घनफुटाला 0.60 पौंड, म्हणजे घनमीटरला सुमारे 9.6 किलो लागते. पाइनमध्ये रसायन तीन इंच आणि त्याहून आत सहज जाते. डग्लस फरमध्ये मात्र पाऊण इंच गेले तरी मानक पूर्ण होते, कारण त्याचे रसकाष्ठ मुळात पातळ असते आणि गाभा द्रव घेत नाही.

पश्चिम किनाऱ्यावरच्या खांबांचे दुखणे इथे सुरू होते. पाऊण-एक इंचाच्या संरक्षित कवचाच्या आत कोरा गाभा राहतो. उभ्या खांबाला उन्हाने भेग पडते, ती कवच ओलांडून आत जाते, भेगेतून पाणी आणि बुरशीचे बीजाणू उतरतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतून पोखरत जातो. यावर चांगला उपाय आहे. रसायन देण्यापूर्वी जमिनीलगतच्या पट्ट्यात, वर दोन-तीन फुटांपासून खाली तीन-चार फुटांपर्यंत, सुमारे अर्धा इंच व्यासाची तिरकी आरपार भोके ठरावीक नक्षीत पाडतात. मग त्या पट्ट्याचा जवळजवळ पूर्ण छेद रसायन पितो. भोकांमुळे जाणारी ताकद किरकोळ असते आणि त्याबदल्यात मिळणारे आयुष्य मोठे. फरच्या खांबाची खरेदी करताना या आरपार भोकांचा आग्रह सोडू नये, असे आमचे ठाम मत आहे.

वणव्याच्या प्रदेशात आणखी एक गोष्ट बघावी लागते. सीसीएचा खांब एकदा पेटला की ज्वाळा विझल्यावरही आतून धुमसत राहतो आणि तासाभराने पडू शकतो. त्यामुळे तिथे नव्या खांबांना आग सोसणारी जाळी गुंडाळण्याची किंवा तंतूमिश्रित कृत्रिम खांब वापरण्याची रीत आता रुळली आहे.

खर्चाची बाजू: केबल एक-एक करून चढताना

कॅलिफोर्नियात 1942 पासून लागू असलेला जनरल ऑर्डर 95 हा नियम सांगतो की 3,000 फुटांखालच्या, बर्फ न पडणाऱ्या भागात गोल पृष्ठभागावर चौरस फुटाला 8 पौंड वाऱ्याचा दाब धरावा. हा साधारण ताशी 56 मैल, म्हणजे 90 किलोमीटर वेगाचा वारा. वर वीज आणि खाली दूरसंचार असा खांब 'अ' श्रेणीत येतो. तो नवा उभारताना या भाराच्या चौपट ताकदीचा हवा. सेवेत असताना गुणक दोन-तृतीयांशाखाली, म्हणजे 2.67 खाली जाण्यापूर्वी तो बदललाच पाहिजे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून 4 चा खांब कागदावर ताशी 112 मैलांचा वारा सोसतो आणि 2.67 चा 92 मैलांचा.

आता एक नमुना खांब घेऊ. हा मालिबूच्या तिघांपैकी नाही. उदाहरणासाठी मांडलेला, सरळ ओळीतला, 45 फुटी वर्ग 4 चा फर. दोन खांबांतले अंतर 200 फूट. क्रॉसआर्म, इन्सुलेटर, ट्रान्सफॉर्मर आणि वळणावरचा ताण हिशेबात घेतलेला नाही.

जमा: जमिनीलगत वाकण्याची ताकद = 0.000264 × 8,000 × घेराचा घन. घेर 35 इंच, म्हणून सुमारे 90,500 फूट-पौंड (पौंडांतला आडवा जोर गुणिले जमिनीपासूनची फुटांतली उंची).

खर्च:

- खांबाच्या स्वतःच्या अंगावरचा वारा: 4,040 फूट-पौंड.
- अर्ध्या इंचाच्या तीन वीजतारा, 37.5 फुटांवर: 7,500. एकूण 11,540; गुणक 7.8.
- दूरध्वनीची दोन इंची केबल, 20 फुटांवर: 5,330. एकूण 16,870, गुणक 5.4.
- टीव्हीची एक इंची केबल, 21 फुटांवर: 2,800. एकूण 19,670, गुणक 4.6.
- पहिली फायबर केबल, एक इंची जुडी, 22 फुटांवर: 2,930. एकूण 22,600, गुणक 4.0.
- दुसरी फायबर केबल, 23 फुटांवर: 3,070. एकूण 25,670, गुणक 3.5.

फायबरच्या केबलचे वजन अगदीच किरकोळ असते, म्हणून ती चढवणाऱ्याला वाटते की खांबाला कळणारही नाही. पण खांबाला वजनाने फारसा फरक पडत नाही. त्याला वाकवतो तो वारा, आणि वाऱ्याला केबलची जाडी दिसते. एक इंच जाडी आणि 200 फूट लांबी म्हणजे पावणेसतरा चौरस फूट. त्यावर 133 पौंड, म्हणजे 60 किलोचा आडवा ढकला, तोही 22 फुटांच्या तरफेवर. चौपट गुणकाने पाहिले तर एवढ्याशा केबलने खांबाच्या एकूण ताकदीतला 13 टक्के वाटा अडवून ठेवला.

यादीतल्या शेवटच्या ओळीलाही नियमाने हरकत नाही. 3.5 हा आकडा 2.67 च्या बराच वर आहे आणि प्रत्येक कंपनी आपापल्या वेळी कागदावर बरोबरच होती. फक्त या सगळ्या हिशेबात जमिनीलगतचा घेर 35 इंचच धरला आहे, म्हणजे खांब ज्या दिवशी पुरला त्या दिवसाचा.

जमिनीलगतचा वीतभर पट्टा

वाकवणारा जोर जमिनीलगत सर्वाधिक असतो आणि कूजही तिथेच धरते, कारण ओल आणि हवा यांचे प्रमाण नेमके तिथे जुळते. बाहेरून सगळीकडून अर्धा इंच लाकूड मऊ पडले, तर नमुना खांबाचा व्यास 11.14 इंचांवरून 10.14 वर येतो. ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे उरते 75 टक्के. 3.53 चा गुणक आता 2.66 होतो आणि खांब काढून टाकण्याच्या यादीत जातो. दुसरी फायबर नसती, तर एवढ्याच कुजीनंतर गुणक 3 राहिला असता आणि खांबाला अजून काही वर्षे मिळाली असती. एकटी केबल खांब पाडत नाही आणि एवढी कूजही एकटी पाडत नाही.

आतली पोकळी त्यामानाने कमी घातक. त्याच खांबात साडेपाच इंचांची, म्हणजे निम्म्या व्यासाची पोकळी मधोमध झाली, तरी ताकद फक्त सहा टक्के घटते. म्हणूनच 'खांब पोकळ आहे' एवढे ऐकून तो लगेच काढणे चूक, आणि 'ठोकला तर टणटण वाजतो' म्हणून बाहेरची कूज न उकरता पास करणे त्याहून मोठी चूक. बाहेरचे निरोगी कवच किती इंच आहे हे मोजावे लागते. दोन इंचांखाली आले की धोका समजायचा. पोकळी एका बाजूला सरकलेली असेल तर सहा टक्क्यांचे गणित लागू पडत नाही.

तपासणी करायची ती अशी. आधी जमिनीपासून हात पोहोचेल तिथपर्यंत हातोडीने चहूबाजूंनी ठोकत जायचे. निरोगी लाकडावर हातोडी उसळते, पोखरलेल्यावर आवाज भद्द येतो. मग खांबाभोवती दीड फूट खोल खणायचे. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या मुलखात त्याहूनही खोल, कारण वरची माती वाळलेली असते आणि ओल खाली राहते, तशी कूजही खाली सरकते. मऊ लाकूड तासून काढायचे आणि उरलेला घेर फितीने मोजायचा. जमिनीलगत 45 अंशांत तिरके, मध्याकडे उतरणारे भोक 3/8 इंची गिरमिटाने पाडायचे. गिरमिटाचा जोर कुठे अचानक सुटतो ते हाताला कळते, भुशाचा रंग आणि वासही सांगतो. भोकात टोकाला हुक असलेली मोजपट्टी घालून कवचाची जाडी घ्यायची. शेवटी भोकात बोरॉनच्या कांड्या किंवा धुरी देणारे रसायन घालून खुंटीने भोक बुजवायचे, बाहेरून तांबे-बोरॉनचा लेप लावून वेष्टन गुंडाळायचे, माती ठासून भरायची आणि तपासणीचे वर्ष घातलेला बिल्ला मारायचा.

दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या लाकडातली वाळवीही आहे. तिला मातीचा संपर्क लागत नाही. ती उडत येते, भेगेतून किंवा जागेवर पाडलेल्या कोऱ्या भोकातून शिरते आणि जमिनीपासून वीस-पंचवीस फुटांवर, म्हणजे केबलचे बोल्ट असतात त्याच टापूत घर करते. जमिनीलगतची तपासणी तिथे पोहोचतच नाही. शिडी लावावी लागते.

त्या राज्याच्या जनरल ऑर्डर 165 प्रमाणे 15 वर्षांहून जुन्या आणि कधीच भोक पाडून न तपासलेल्या खांबाची अशी तपासणी दहा वर्षांच्या आत व्हायला हवी, पास झालेल्याची वीस वर्षांत. वीस वर्षांत खांबावर किती केबल चढू शकतात ते वरच्या यादीवरून दिसतेच.

चौकशीतून काय निघाले

तडजोडीत एडिसनने तीन गोष्टी मान्य केल्या. पडलेल्या खांबांपैकी एकाचा सुरक्षा गुणक नियमात बसत नव्हता. नेक्स्टजीची फायबर केबल त्या खांबांवर चढण्यापासून रोखण्यासाठी कंपनीने तातडीने पावले उचलली नव्हती. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत गंभीर वाटते: आगीनंतर उभारलेल्या एका नव्या खांबाचा गुणकही नियमापेक्षा कमी होता आणि नोव्हेंबर 2007 मध्ये आयोगाला पाठवलेल्या पत्रात ते सांगितलेले नव्हते. भार मोजल्याशिवाय जुन्यासारखाच नवा खांब उभा केला की असे होते. जुना खांब ज्या काळी निवडला त्या काळी त्याच्यावर निम्म्याच केबल असतात.

यानंतर एडिसनने सुमारे 5,000 खांबांचा नमुना घेऊन भाराचा अभ्यास केला. त्यातले सुमारे 22 टक्के खांब नियमाच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या मानकांच्या कसोटीला उतरले नाहीत. मग आपल्या क्षेत्रातल्या सुमारे 14 लाख खांबांचे भारगणित करण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला.

नियमही बदलले. आता खांबावरचा भार एका खेपेत पाच टक्क्यांहून किंवा बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वाढवणाऱ्या कोणालाही आधी गणित करावे लागते आणि ते गणित खांब उभा असेपर्यंत जपून ठेवावे लागते. आमच्या नमुना खांबावर पहिल्या फायबरनेच भार 15 टक्के वाढला होता. सामाईक खांबावरच्या कंपन्यांनी एकमेकांना माहिती देणेही बंधनकारक झाले. सर्वांच्या खांबांची एकत्र नोंद कशी ठेवावी, यासाठी आयोगाने 2017 मध्ये वेगळी कार्यवाही सुरू केली.

आपल्याकडे महाराष्ट्रात महावितरणचे खांब लोखंडी किंवा सिमेंटचे असतात, त्यामुळे कुजीचा भाग लागू नाही. पण लोखंडी खांबही जमिनीलगतच गंजतो, त्याच ओल-हवेच्या पट्ट्यात, आणि शहरांतल्या खांबांवर टीव्हीच्या व इंटरनेटच्या केबलची भेंडोळी कशी वाढत जातात ते रोज दिसते. खर्चाची बाजू मांडायची रीत तिथेही हीच. फक्त लाकडाच्या जागी लोखंडाची ताकद घालायची.

खांब बदलताना

कुजलेला खांब प्रत्येक वेळी बदलावाच लागतो असे नाही. वरचा भाग निरोगी असेल, तर बुडाशी पोलादी पन्हळी ठोकून ती पट्ट्यांनी खांबाला आवळतात. जमिनीलगतची ताकद परत मिळते आणि तारांना हातही लावावा लागत नाही. पण भारच जास्त असेल तर मोठ्या वर्गाचा खांब हवा. नमुना खांबाच्या जागी 45 फुटी वर्ग 2 चा, 40.5 इंची घेराचा खांब घातला, तर ताकद सुमारे 1,40,000 फूट-पौंडांवर जाते. खांब जाड झाल्याने त्याच्या अंगावरचा वारा थोडा वाढतो, तरी सगळ्या केबल धरून गुणक पाचच्या वर राहतो.

नवा खांब शेजारी पुरतात. माती वीतभर थरांनी टाकून प्रत्येक थर ठासायचा. माती ओतणाऱ्या हातांपेक्षा ठासणारे हात जास्त हवेत. मग तारा वरून खाली या क्रमाने नव्या खांबावर जातात: आधी वीज, नंतर प्रत्येक दूरसंचार कंपनी आपापल्या सवडीने. त्यामुळे जुना खांब महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, वरून कापलेल्या अवस्थेत नव्याच्या कुशीत उभा राहतो आणि कमकुवत म्हणून काढायला घेतलेल्या त्या लाकडावर केबल तशाच लटकत असतात. बदलीच्या कंत्राटात शेवटची केबल हलवण्याची तारीख आणि ती पाळण्याची जबाबदारी कोणाची हे नावानिशी लिहून घ्यावे.

जुना खांब निघाल्यावर तो सरपणाला कोणालाही देऊ नये. सीसीएच्या लाकडाच्या राखेत आर्सेनिक उरते, क्रिओसोटचा धूर विषारी असतो. कुंपणाचे खांब किंवा शेताच्या बांधाला आधार म्हणून तो पुन्हा वापरता येतो. त्यासाठी घेणाऱ्याला त्यात कोणते रसायन आहे ते लेखी द्यायचे, आणि ठशाचा तुकडा कापून फेकून न देता खांबालाच राहू द्यायचा.